शेवंतामावशीची हिरवी चिंधी

सुरतमधल्या नवागामच्या आमच्या खोलीची भिंत येत्या आठवड्यात पाडणार, हे मला शेवंतामावशीच्या मुलाने, सुकदेवने, फोनवर सांगितलं. सांगताना बिचारा चाचरत होता. माय गेल्यावर ती खोली दोन वर्षं कुलपात होती आणि शेवटी मीच ती त्याला देऊन टाकली होती. मधली भिंत काढली की दोन खोल्यांचं एक घर होणार, म्हातारीला चार पावलं चालायला जागा होणार. "ताई, एकदा बघून जा," तो म्हणाला, "नाहीतर नंतर म्हणशील, विचारलं नाही." मी म्हटलं, अरे, भिंत ती भिंत, तिला काय बघायचं? आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकून बारडोलीहून निघालेसुद्धा. असा माझा स्वभाव. तोंड नाही म्हणतं आणि पाय चपला शोधतात.

बारडोलीत आता ऊस गाळायचे दिवस. सगळ्या गावावर मळीचा गोडसर, आंबूस वास बसलेला असतो, इतका की चहात साखर कमी पडली तरी कळत नाही. बस सुरतच्या जवळ आली तसा तो वास मागे राहिला आणि डिंडोलीच्या पुलाखाली उतरले तेव्हा नाकात दुसराच शिरला. खळीचा, नव्या कापडाचा, गरम तेलाचा. कुणीतरी मिरच्या तळत होतं, मागे लूमची खटखट चालू होती. मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ बेन, घर भूली गया के शुं?" भुलले नव्हते रे बाबा. उलट सगळं एकदम आठवलं होतं.

आमचं गाव खानदेशात, साक्रीकडचं. आप्पा सुरतला पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये लागले आणि माय मला कडेवर घेऊन इकडे आली. आप्पांची नखं कधी कोरी मी पाहिली नाहीत. या हप्त्यात निळी, पुढच्या हप्त्यात राणी कलरची. कधी जेवताना माय म्हणायची, "आज वरणात जांभळा नको हो घालू," आणि आप्पा हसून हात पुन्हा धुऊन यायचे. मिलच्या मागचा नाला ज्या रंगाचा वाहायचा, त्या रंगाच्या साड्या पुढे महिनाभर आमच्या चाळीत यायच्या. आम्ही पोरं नाल्यावर जाऊन बघून यायचो आणि बायांना बातमी द्यायचो: "मावशे, आता पोपटी येणार!"

त्या साड्यांवरच चाळ जगायची. मार्केटातल्या एका शेठचा टेम्पो दुपारी गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, मालवाला भाई साड्यांची पोटली खांद्यावरून आणून दारात टाकायचा. बायांनी भरतकामाचे सुटे धागे कापायचे, साडीची घडी घालायची, मधोमध पुठ्ठा, वर नटलेल्या बाईचा फोटो, आणि मग प्लास्टिकची थैली. कुणाचं पोटलं कुठलं हे कळावं म्हणून प्रत्येकीने आपल्या पोटल्याला आपल्या रंगाची चिंधी बांधायची. मायची पांढरी. शेजारच्या शेवंतामावशीची हिरवी. बाकी बायांच्या पिवळ्या, लाल, ठिपक्यांच्या. लिहिता येणाऱ्या दोन-तीनच होत्या, पण चिंधी कधी चुकली नाही.

दुपारी सगळ्या आमच्याच खोलीत बसायच्या, कारण आमच्या खोलीला मागे खिडकी होती. कात्र्यांची किचकिच, पायाशी रंगीत धाग्यांचा ढीग, मधूनच एखादीचं गाणं. मला त्या धाग्यांत लोळायला फार आवडायचं. संध्याकाळी वेणी घालताना माय माझ्या केसांतून निळे-लाल धागे वेचत बसायची आणि बडबडायची, "पोरगी शे का चरखा!"

अख्ख्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटं. मायच्या आजीच्या वेळेपासूनचे आम्ही. याचं कुणाला फारसं काही नव्हतं. फक्त गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की आमच्या दारासमोर जरा घुटमळायची आणि माय त्यांना आधी लाडू द्यायची, मग वर्गणीचं विचारायचीसुद्धा सोय राहायची नाही. दर रविवारी आम्ही तिघं धुतलेले कपडे घालून प्रार्थनाघरात जायचो आणि परत येताना शेवंतामावशी दारात उभी असायची. "काय सांगितलं गं आज तुमच्या पास्तरनी?" असं तिने एकदाही विचारलं नाही. ती विचारायची, "काही खाल्लं का सकाळपासून?" आणि माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवायची, ठेच्यासकट.

शेवंतामावशी कानबाईची, खानदेशच्या देवीची. श्रावणात तिच्या घरी कानबाई बसायची तेव्हा आमची भिंत दोन दिवस गाण्यांनी थरथरायची. त्यांच्या घराण्याचे नैवेद्याचे रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत अशी रीत, ती तिने कधी मोडली नाही. पण पुरणपोळ्या करताना पहिल्या चार पोळ्या ती नैवेद्याआधीच बाजूला काढायची, फडक्यात बांधायची आणि मायला आणून द्यायची. "देवीपुढच्या नई शेतस, बिनधास्त खा," असं म्हणायची. आम्ही नैवेद्याचं खात नाही हे तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. तिची सासू यावरून तिला घालून पाडून बोलायची, देवीच्या आधी शेजारणीला म्हणजे काय! मावशी म्हणायची, "देवीले समजस." झालं, विषय संपला. नाताळात माय करंज्यांचं ताट भरून न्यायची आणि अंडं घातलेला केक मात्र वेगळ्या डब्यात, त्यांच्या पोरांनी मागितला तरच.

त्या पुरणाचा वास मला आजही येतो. जायफळ जरा जास्तच असायचं मावशीचं.

आणि सकाळ. आमची सकाळ नळाने व्हायची. पण नळ यायच्या आधी, अंधुक उजाडलेलं असताना, माय मावशीकडच्या मधल्या भिंतीला पाठ टेकून बसायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि प्रार्थना करायची. मोठ्याने. मनातल्या मनात प्रार्थना तिला जमायचीच नाही. म्हणायची, तोंड मिटलं की मला झोप लागते. सरळ अहिराणीत बोलायची देवाशी, जसं एखाद्या घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. आणि नावं घ्यायची, गल्लीतल्या सगळ्यांची. कुणाचा खोकला, कुणाचा दारुडा नवरा, कुणाची नवसाची पोर. मी गोधडीत पडून ऐकत असायची आणि मधेच झोप लागायची, त्यामुळे ती यादी शेवटपर्यंत मी कधी ऐकलीच नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगताना अजून कान गरम होतात माझे.

मी चौथीत होते. नाताळ जवळ आला होता आणि पास्तरांनी सांगितलं होतं की नाताळाच्या आधी प्रत्येकाने निदान एका माणसाला आपल्या प्रभूविषयी सांगायचं. रविवारी ते एकेकाला उभं करून विचारायचे. कुणी सांगायचं मी मिलमधल्या जोडीदाराला सांगितलं, कुणी म्हणायचं मी गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याला सांगितलं. मायची पाळी आली. माय उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मान खाली घातली. पास्तर भला माणूस, त्यांनी हसून पुढच्याला विचारलं. पण मी मरणाची शरमले. माझी माय, जी देवाशी एवढं बोलते, ती माणसाशी बोलू शकत नाही?

घरी येताना मी तिला विचारलं, "तू शेवंतामावशीला का नाही सांगत?"

ती म्हणाली, "सांगेन गं. जीभ उचलतच नाही. तिला वाटेल, हिला माझी कानबाई कमी वाटते."

"मग ती स्वर्गात जाणार नाही का?"

माय चालता चालता थांबली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "चल, ऊन लागतंय." थंडीचे दिवस होते.

झालं! मी ठरवून टाकलं की हे आता आपल्यालाच बघायला हवं. शेवंतामावशी मला मायच्या खालोखाल आवडायची, कधीकधी तर मायच्या वर. ती स्वर्गात नसेल तर तिथे ठेचा कोण देणार? माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात रविवारच्या शाळेत मिळालेली रंगीत चित्रकार्डं होती. हजेरी पूर्ण भरली की एक मिळायचं. मेंढपाळ, त्याच्या खांद्यावर कोकरू, खाली छोट्या अक्षरांत दोन ओळी. चार वर्षांची माझी सगळी कमाई. मी विचार केला, मावशीच्या हातून ही कार्डं गेली तर देव बघेल की ही बाईसुद्धा सांगते आहे. तिचं पोटलं, तिची हिरवी चिंधी. तिच्याच नावावर जमा होणार सगळं. अगदी सोपं होतं.

दुपारी बाया चहाला उठल्या की मी धाग्यांच्या ढिगातून सरपटत जायची आणि मावशीच्या थैल्यांमध्ये, नटलेल्या बाईच्या फोटोमागे, एकेक कार्ड सरकवायची. तीन दिवसांत डबा रिकामा झाला. रिकामा डबा मी कवटाळून झोपले. आयुष्यात एवढं पुण्य मी पुन्हा कधी केलेलं नाही!

पंधरा दिवसांनी मालवाला भाई आला तो पोटलं न आणता. आमच्या दारात उभा राहिला आणि खिशातून माझा मेंढपाळ काढून बायांच्या मधोमध टाकला. "आ शुं छे, बेन? साडी वेचवानी छे के धरम?" साडी विकायची की धर्म, हा त्याचा सवाल. कुठल्याशा दूरच्या गावच्या दुकानदाराने अख्खा गठ्ठा परत पाठवला होता. शेठ भडकला होता. हिरव्या चिंधीचं काम आजपासून बंद.

शेवंतामावशीने कार्ड उचललं. उलटं धरलं, सुलटं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. "मेंढरू शे," ती म्हणाली. "माले काय म्हाईत हे कसानं?" सगळ्या बायांच्या नजरा मायकडे वळल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कात्र्या थांबल्या होत्या आणि मागच्या लूमची खटखट स्पष्ट ऐकू येत होती. मायने कार्ड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी धाग्यांत तोंड खुपसलं.

मावशी उठली, आपली कात्री कमरेला खोचली आणि घरी गेली. तिचा नवरा तेव्हा पाय मोडून घरी बसला होता. सुकदेव मांडीवरचा. त्या घराला हिरव्या चिंधीशिवाय दुसरं काही नव्हतं.

बाया पांगल्यावर मायने फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं, आत पाहिलं. आता पाठीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. तसं काही झालं नाही. तिने विचारलं, "तिच्याच थैल्यांत का घातलीस?" मी हुंदके देत देत सगळं सांगितलं, देवाचं, हजेरीचं, ठेच्याचं. ती ऐकत राहिली. मग खाली बसली आणि मला जवळ ओढून म्हणाली, "मी तोंड उघडलं नाही म्हणून तुला हे सुचलं. पण ऐक. असं मागच्या दाराने कुणाच्या घरात देव घालायचा नसतो. सांगायचं तर समोर बसून सांगायचं. आणि समोरच्याने विचारलं तर." मला मार परवडला असता.

त्याच संध्याकाळी ती मावशीच्या दारात गेली. मी तिच्या मागे, तिच्या लुगड्याचा काठ धरून. "शेवंता, ते माझ्या घरातून गेलं," माय म्हणाली. एवढंच. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "च्या मांडू का?" असं तिने विचारलं. पण आवाजात दम नव्हता आणि चुलीवर भांडंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय मला घेऊन मार्केटात गेली. सुरतेत एवढी वर्षं काढून ती कधी तिथे गेली नव्हती. केवढ्या त्या माड्या, केवढे ते पार्सलांचे डोंगर, कोऱ्या कापडाचा आणि उदबत्तीचा वास! शेठ पांढऱ्याशुभ्र गादीवर बसला होता, समोर एक साडी उलगडून टाकलेली. माय गादीच्या कडेला उभी राहिली. तिला धड हिंदी येत नव्हतं, पण त्या दिवशी आलं. "सेठ, गलती मेरे घर की है. सजा उसको कायको? मेरा काम बंद करो, उसका चालू करो."

शेठने चष्म्यातून पाहिलं. "तेरा बंद करूंगा तो तू क्या करेगी?"

बोलता बोलता मायच्या हातांनी समोरची उलगडलेली साडी घडी करायला घेतली होती, तिचं तिलाही कळलं नव्हतं. काठाला काठ, पदर वर, मधोमध हात फिरवून सुरकुती काढली आणि घडी शेठपुढे ठेवली. तो त्या घडीकडे बघत राहिला. त्याचं मन विरघळलं आणि त्याने दोघींना काम दिलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. तो म्हणाला, "ठीक है. सफेद चिंदी बंद, हरी चालू."

येताना मायने मला उसाचा रस पाजला. स्वतः नाही प्यायली. पण मला आठवतं, ती खूश होती. खरंच खूश होती. अंगावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखी भराभर चालत होती.

दोन दिवसांनी टेम्पो आला. हिरव्या चिंधीचं पोटलं मावशीच्या दारात पडलं. ते तिने तिथे सोडलंच नाही. दोन्ही हातांनी ओढत, फरशीवरून फरफटत आमच्या खोलीत आणलं, गाठ सोडली, निम्म्या साड्या मायच्या पुढ्यात लोटल्या आणि म्हणाली, "चिंधी एकच शे. हात चार शेतस."

माय म्हणाली, "शेठला कळलं तर?"

"कळू दे. घडी कोनी घातली ते साडी सांगस का?"

पुढे कितीतरी वर्षं, आप्पा निवृत्त होईपर्यंत, मायने हिरव्या चिंधीखालीच घड्या घातल्या. शेठला कधी कळलं असेल की नाही, देव जाणे. बायांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या, कात्र्यांची किचकिच सुरू झाली, मी पुन्हा धाग्यांत लोळायला लागले. फक्त मावशीच्या थैल्यांजवळ जायची हिंमत मला झाली नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी पास्तरांनी पुन्हा विचारलं. माय पुन्हा उभी राहिली, पुन्हा मान खाली. घरी येताना मी म्हटलं, "आता तर सांग तिला! आता ती तुझं ऐकेल." माय म्हणाली, "म्हणूनच नाही सांगायचं. आता सांगितलं तर तिला नाही म्हणता येणार नाही." तेव्हा मला ते काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की आता माय मावशीला कधीच सांगणार नाही, आणि हे माझ्यामुळे झालं.

खरंच नाही सांगितलं तिने. वर्षं गेली. मी शिकले, बारडोलीला मास्तरीण झाले, आप्पा गेले, माय एकटी राहिली. मी बोलावलं तरी आली नाही. "तिकडे माझी भिंत कुठे?" म्हणायची. शेवटच्या आजारात शेवंतामावशीच तिची वेणीफणी करायची. मी शनिवार-रविवार यायची. एकदा मायने माझा हात धरून म्हटलं, "शेवंताने विचारलंच नाही गं." तक्रार नव्हती त्यात. पण ते वाक्य मी गेली दोन वर्षं घेऊन फिरते आहे. मायच्या मनात आयुष्यभर एकच गोष्ट होती आणि तिचं दार मी, चौथीतल्या शहाणीने, बाहेरून लावून टाकलं. त्या दोन वर्षांत मी रविवारी प्रार्थनाघरात जाते, बसते, उठते, घरी येते. मोठ्याने प्रार्थना मात्र एकदाही केलेली नाही.

तर काल मी ते कुलूप काढलं. आत धुळीचा आणि जुन्या खोबरेल तेलाचा वास. भिंतीवर मायची पाठ टेकून टेकून झालेला तेलकट डाग होता, माणसाच्या पाठीएवढा. मी त्यावर हात ठेवला. एकेरी विटेची भिंत, पलीकडे सुकदेवच्या बायकोने फोडणी टाकलेली कळत होती.

"वनी का वं पोरी, इतक्या दिवसांनी?" शेवंतामावशी दारात. केवढीशी झाली होती! काठी टेकत आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि बरोबर त्या डागाखाली, मायच्या जागी, जाऊन बसली. आता ती अहिराणी, मराठी आणि नातवंडांचं गुजराती असं सगळं एकत्र कालवून बोलते. आधी माझ्या तब्येतीची, मग माझ्या गुडघ्यांची, मग शाळेतल्या पोरांची चौकशी झाली. मग ती एकदम म्हणाली, "एक विचारू? रागे नको भरू. काय व्हतं वं त्या कागदावर? त्या मेंढरूवाल्या?"

चाळीस वर्षांनी! आणि विचारत होती कुणाला, तर मला.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. मायने सांगितलं होतं तशी, समोर. आणि सांगितलं. की एका मेंढपाळाच्या शंभर मेंढ्या होत्या. एक हरवली. तर तो बाकीच्या तिथेच सोडून त्या एकीला शोधायला रानात गेला. आम्ही मानतो की आमचा प्रभू असा आहे. माय असंच मानायची. एवढंच होतं त्या कागदावर.

मावशी लक्ष देऊन ऐकत होती. "आनी बाकीन्या नव्यान्नव? त्या कोना भरोसे?"

मला हसूच फुटलं. "हेच मी पण विचारलं होतं पास्तरांना!"

"मंग? ती सापडनी का?"

"सापडली. खांद्यावर घेऊन आला तिला."

"बरं व्हयनं," मावशी म्हणाली, आणि थोडा वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. "मन्ही कानबाई मन्ही शे, ती काही मी सोडणार नाही. पण तुझी माय रोज सकाळी माझं नाव घ्यायची. मी पलीकडे पोतेरं घेऊन उभी राहायची ऐकत. तिला कधी बोलले नाही, तिने लाजून बंद केलं असतं. ती गेली आणि सकाळ मुकी झाली बघ." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिंत पाडाना आधी एकदा तू लेशी का मन्हं नाव? तिच्यासारखं?"

मी मास्तरीण आहे, शंभर पोरांसमोर घसा फोडते. पण त्या क्षणी माझी जीभ उचलेना. मायची जीभ का उचलत नसे ते मला तेव्हा कळलं. मग मी ओढणी डोक्यावर घेतली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज फाटत होता. अहिराणी अडखळत होती. मी मावशीचं नाव घेतलं, सुकदेवचं, त्याच्या बायकोचं, आठवतील त्या जुन्या बायांची.

"शेठ ऱ्हायना," मावशी मधेच म्हणाली.

मी डोळे उघडले. "कुठला शेठ?"

"मार्केटवाला. त्याचं नाव आधी. मन्हा आधी! रोज त्या मेल्याचं नाव मन्हा आधी घ्यायची ती, मला असा राग यायचा."

मी गोधडीत झोपून जायची म्हणून मला ठाऊकच नव्हतं. ज्याने पांढरी चिंधी बंद केली, त्याचं नाव रोज सकाळी, नळ येण्याआधी! मी पुन्हा डोळे मिटले आणि शेठचं घेतलं. तो आता जिवंत आहे की नाही, तेही ठाऊक नाही. मग आमीन म्हटलं. मावशी आमीन म्हणाली नाही. तिने कपाळाला हात लावून कानबाईला करतात तसा नमस्कार केला.

"आता सगळी झाली?" मी विचारलं. डोळे पुसत होते, हसतही होते.

"एक ऱ्हायनं. तुझ्या मायचं."

"ती स्वतःचं नाव घ्यायचीच नाही ना."

"म्हाईत शे," मावशी म्हणाली. तिने मागे न बघता काठीने भिंतीवर टकटक केलं. "म्हणून तिन्हं नाव मी घ्यायची. रोज. भिंतना त्या बाजूले, कानबाईजवळ."

मी तिचा हात धरला. बोटांना अजून कात्रीचा घट्टा होता.

बाहेरून सुकदेवने हाक मारली, "ताई, झालं का बघून? मिस्त्री विचारतोय, सोमवारी पाडू ना भिंत?"

मी तोंड उघडायच्या आत मावशीनेच उत्तर दिलं. "पाड रे. आता कसाले पाहिजे ती?"